सुहोदोलची दोन माणसं

१४ जानेवारी

बर्फ पडायचं एकदाचं थांबलं. सकाळी फावड्याने वाट मोकळी करत वर पिंजऱ्यापर्यंत गेलो. पिंजरा म्हणजे डोंगराच्या उतारावर बांधलेलं जाळीचं मोठं घर. आत बारा गिधाडं, स्पेनहून खोक्यांत घालून आणलेली. थंडीने एकमेकांना चिकटून बसली होती, मानेभोवती पिसांचे मफलर गुंडाळून, थांब्यावर बसची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी. मेलेलं वासरू आत ओढून टाकलं. एकानेही मान वळवली नाही. मी पाठ फिरवून खाली उतरायला लागलो तशी मागे एकच झुंबड उडाली. माझ्यासमोर जेवायला अजून लाजतात.

या घाटात मी उभं आयुष्य बस चालवली. चढायला माणसंच उरली नाहीत तेव्हा बस बंद झाली. आता हे काम. वसंतात पक्षी मोकळे सोडायचे. यासेन सांगतो की त्याच्या आजोबांच्या काळात या कड्यांवर गिधाडं घरटी करायची. लांडग्यांसाठी लोकांनी मांसात विष घालून ठेवलं, ते खाऊन सगळी संपली. यासेन हा या कामाचा प्रमुख, तिशीचा मुलगा, शहरातून जीपने येतो. बर्फ असलं की येत नाही.

दिमो म्हातारा गेल्यापासून सुहोदोल गावात आम्ही दोघंच. मी आणि स्तोयना मावशी. संध्याकाळी तिच्याकडे गेलो तर चुलीवर घेवड्याची आमटी रटरटत होती.

"जेवली का तुझी पोरं?"

"जेवली."

"मग बस, प्रोदान. तूही जेव."

गिधाडांना ती माझी पोरं म्हणते. आम्हाला मूल नाही हे तिला ठाऊक आहे. टोमणा नसतो तो. कधी कधी असतोही.

२२ जानेवारी, रविवार

बायकोचा, झ्लातिनाचा, फोन आला. इटलीत, बोलोन्याला ज्या म्हातारीची ती चार वर्षं सेवा करत होती ती वारली. झ्लातिना रडत होती. मी म्हणालो, "मग आता घरी ये." ती म्हणाली, "बघू. इथलं सगळं आवरायला हवं." बरोबरच आहे. घर एका दिवसात आवरत नाही.

तिच्या बाजूची गादी काढून शेगडीजवळ उभी केली. दमट झाली होती. दिवसभर वाफ निघत होती.

५ फेब्रुवारी

पहाटे मावशीच्या कुत्र्याचं, मेचोचं, भुंकणं ऐकू आलं आणि मग एकदम बंद झालं. उजाडताच धावलो. गोठ्याची मागची फळी उखडलेली. चार मेंढ्यांचे गळे फाडलेले, पाचवी उभी होती पण तिची आतडी बाहेर आली होती. मेचोचा एक कान गेलाय. एकटा कुत्रा लांडग्यांच्या टोळीपुढे किती टिकणार?

पाचवीला मावशीने स्वतः मारलं. मी सुरी मागितली तर म्हणाली, "ती मला ओळखते, तुला नाही."

दुपारी यासेन आला. पक्षी बघायला आला होता, हे बघून पांढराफटक पडला. म्हणाला, "आजी, आम्ही विजेचं कुंपण देतो. धनगरी कुत्र्यांची दोन पिल्लंही देतो, आमच्याकडे त्यासाठीच पाळलीयत."

"कुंपण तुझ्या लांडग्यांना घाल. माझ्या मेंढ्यांनी काय गुन्हा केलाय?"

"लांडगे माझे नाहीत, आजी."

"मग काय माझे? माझ्याकडे तर फक्त मेंढ्या होत्या."

मेलेल्या मेंढ्यांचं काय करणार, असं यासेनने चाचरत विचारलं. त्याला काय हवंय ते तिला लगेच कळलं. "घेऊन जा. लांडग्यांचं उष्टं तुझ्या पाखरांना. मला काय उरलं तेवढं सांग."

मी आणि यासेनने त्या वर नेल्या. गिधाडांनी दुपारीच फडशा पाडला. या वेळी लाजली नाहीत. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता.

१९ फेब्रुवारी, रविवार

झ्लातिना अजून तिथेच आहे. म्हातारीचा मुलगा सेर्जो आईच्या माघारी अगदी खचून गेलाय, त्याला अंडंसुद्धा उकडता येत नाही म्हणे. झ्लातिना त्याच्यासाठी दोन वेळचं करते. मायाळू आहेच ती पहिल्यापासून. फोनमध्ये मागे कोणीतरी गात होतं, पुरुषाचा आवाज. रेडिओ असेल.

संध्याकाळी मावशीला हे सगळं सांगितलं. तिने माझ्या वाडग्यात आणखी एक पळी आमटी वाढली.

१ मार्च

आज मार्तेनित्सा. तांबडापांढरा दोरा कोणीतरी दुसऱ्याने मनगटाला बांधायचा असतो, स्वतः बांधून चालत नाही. मावशीने माझ्या हाताला बांधला, मी तिच्या. तिची बोटं इतकी सुजलीत की दोरा बांगडीसारखा रुतला. तिने मेचोच्या गळ्यातही बांधला. मग हसून म्हणाली, "झालं. सगळ्या गावाला बांधून झाला."

२४ मार्च

पक्षी सोडले.

शहरातून बरीच मंडळी आली होती, कॅमेरे घेऊन. जाळीचं दार उघडलं आणि सगळ्यांनी कॅमेरे डोळ्याला लावले. पण एकही गिधाड बाहेर येईना. दुपार झाली. लोकांनी डबे उघडले. मग एक मादी, पंखावर ९७ आकड्याची पट्टी असलेली, चालत दारापर्यंत आली. बसच्या पायऱ्या उतरताना बाया झगा सावरतात तशी पंख सावरत उतरली. इकडेतिकडे बघितलं. वारा खालून येत होता. तिने पंख उघडले आणि पंख हलवायची तिला गरजच पडली नाही. दरीनेच तिला उचललं. मग एकामागून एक सगळी.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. यासेनने मिठी मारली. तासाभरात गाड्या निघून गेल्या आणि डोंगरावर मी आणि रिकामा पिंजरा.

मावशी आली नव्हती. बोलावलं होतं, पण म्हणाली चीज करायचंय. संध्याकाळी तिला सगळं सांगितलं, पंख उघडून दाखवले, तिच्या टेबलावरचा पेला पाडला.

"मग आता परत येतील?"

"इथे खायला मिळत राहिलं तर इथेच राहतील."

"म्हणजे माणसांपेक्षा शहाणी आहेत," ती म्हणाली.

३१ मार्च

लांडगे पुन्हा आले, तेही भर दिवसा, कुरणावर. धुकं होतं. दोन गाभण मेंढ्या आणि तीन कोकरं. मावशी एक कोकरू झग्याच्या ओच्यात घेऊन खाली आली. मला वाटलं जिवंत आहे. नव्हतं.

रडली नाही. मी म्हणालो, "यासेनला फोन लावू?"

"नको. त्याने माझं भलं करायचं अजून काय बाकी ठेवलंय?"

मेंढ्या मी वर न्यायला मागितल्या. या वेळी नाही म्हणाली. पुरणार म्हणाली.

५ एप्रिल

मेचो दिसत नाही. मावशी म्हणते खालच्या गावात कुठल्यातरी कुत्रीच्या मागे गेला असेल. या वयात, एका कानाने! मी हसलो, ती हसली नाही.

तिने परसातली माती आत्ताच खणलीय, गोठ्यामागे. इतक्या लवकर बटाटे लावले तर गारठ्याने जातील असं मी बोललो तर म्हणाली, "माझी जमीन, मी कधीही खणेन." गुडघा सुजलाय, काठी घेऊन चालते. खणायला मला का नाही बोलावलं कोण जाणे.

निघताना दारात विचारलं, "तुझी ती पाखरं डोंगरावर कुठेही उतरतात? की तू घालतोस तिथेच?"

तिने पहिल्यांदाच त्यांची चौकशी केली. मला बरं वाटलं. म्हणालो, "मांस दिसलं की कुठेही." तिने दार लावून घेतलं.

९ एप्रिल

खिंडीत चार मेलेली सापडली. ९७ त्यात आहे.

एक कड्याच्या पायथ्याशी, पंख पसरलेले. दोन जवळजवळ. ९७ थोडी लांब, झुडपात. झुडपात शिरायचं कारण काय तिला? तिच्या चोचीला फेस सुकला होता आणि पंजे आवळलेले. मी तिला उचललं. इतकी मोठी दिसते, पण पोकळ हाडांची, उचलली की वजन मांजराएवढं वाटतं. मी तिथेच बसून राहिलो.

यासेन संध्याकाळी पोहोचला. सगळ्यांना त्याने पिशव्यांत घातलं. म्हणाला विष आहे, शेतात वापरायचं जुनं, बंदी आलेलं औषध. जांभळट दाणे असतात.

११ एप्रिल

पोलीस आले. विचारलं, कोणावर संशय? मी कान्योचं नाव सांगितलं. खालच्या गावातला शिकारी. गुत्त्यात तो सगळ्यांसमोर म्हणाला होता की गिधाडांच्या नावाखाली हे लोक लांडगे पोसतात, एकदा सगळ्यांचाच निकाल लावायला हवा. मी ऐकलं होतं. अजून कोण असणार?

पोलिसाने मावशीकडेही चौकशी केली. तिने त्याला कॉफी दिली, कॉफी बशीत सांडली. वय झालंय. अशा धक्क्यांचं तिच्यासारखीला काय होत असेल.

आज तिने जेवायला बोलावलं नाही. मी पाव आणि कांदा खाल्ला.

१३ एप्रिल

कान्योला पोलिसांनी नेलं. त्याच्या बायकोने मला फोन करून शिव्या घातल्या, देवाची शपथ घेऊन रडली. मी फोन ठेवला आणि थेट मावशीकडे गेलो. "सापडला," म्हणालो. "कान्योला धरलंय."

ती दूध गाळत होती. भांडं खाली ठेवलं.

"कान्यो नाही."

"तुला काय माहीत? तो गुत्त्यात—"

"प्रोदान." तिने फडक्याला हात पुसले. खूप वेळ पुसत राहिली. "तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"गोठ्यामागे बटाटे नाहीत. मेचो आहे."

मी उभाच होतो. नंतर बसलो. ती बोलत होती आणि मला तिची चूल दिसत होती, खिडकी दिसत होती, ती स्वतः दिसत नव्हती. नवरा जिवंत असताना आणलेला विषाचा डबा फडताळाच्या मागे होता. मेलेल्या मेंढीचं काळीज आणि फुप्फुसं घेऊन तिने तुकडे केले, खिंडीतल्या लांडग्यांच्या वाटेवर टाकले. दुसऱ्या दिवशी मेचो तिच्या पायाशी येऊन मेला. तेव्हा ती पुन्हा वर चढली, उरलेलं गोळा करायला, पडली, गुडघा फुटला. काही तुकडे मिळाले, काही नाही.

"मी लांडग्यांना घातलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या पोरांना नाही. हे तुला माहीत असायला हवं."

मी ओरडलो तिच्यावर. माझ्या आईच्या वयाची आहे, मी तिला काय काय बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यात आलं: काही मिळाले नाहीत. म्हणजे अजून वर आहेत. आणि आठ पक्षी आकाशात.

"चल," मी म्हणालो. "जागा दाखव."

तिला गाढवावर बसवलं. खिंडीत ती उतरली आणि काठीने एक एक झुडूप दाखवत गेली, इथे, इथे, त्या दगडामागे. दोन रिकाम्या जागा. एका जागी नुसता डाग. दुपारनंतर एका जुनिपरच्या झुडपाखाली शेवटचा सापडला, वाळून चामड्यासारखा झालेला. भोवती मुंग्या मेलेल्या होत्या, काळं कडं पडलं होतं. मी फावड्याने मातीसकट उचलून डब्यात घातला.

वर बघितलं तर एक गिधाड घिरट्या घालत होतं. ते बघत होतं की आम्ही काय करतोय. मावशीनेही मान वर केली. मग एकदम खाली बसली, त्या मुंग्यांच्या शेजारी.

१४ एप्रिल

रात्रभर ठरवत होतो. ती गेली तर माझ्याशी बोलायला कोण आहे? हे लिहायला लाज वाटते, पण पहिला विचार हाच आला. मेलेल्या पक्ष्यांचा नंतर आला.

सकाळी तिला म्हणालो, "मी सांगतो की कोणी टाकलं ते कळलं नाही, तुकडे मीच शोधले. कान्योला सोडतील."

"आणि मग कोणाला धरतील?" ती म्हणाली. "गावात दोन माणसं आहेत. तू नाहीस म्हटलं की राहतं कोण, गाढव?"

मला हसू आलं.

"यासेनला बोलव," ती म्हणाली. "आणि तू इथे बस. मला एकटीला सांगायला लावू नकोस."

यासेन आला. ती उभी राहून बोलली, शाळेत चूक सांगणाऱ्या मुलीसारखी. तो जाताना दारात थांबून म्हणाला, "आजी, मी फेब्रुवारीत कुंपण घेऊनच यायला हवं होतं. विचारत बसायला नको होतं."

"आणलं असतंस तर मी ते उपटलं असतं," ती म्हणाली.

६ मे

सेंट जॉर्जचा दिवस. दर वर्षी मावशी कोकरू भाजते, दाराला हिरव्या फांद्या लावते. या वर्षी फांद्या मी लावल्या. कोकरू नव्हतं. कान्यो आला, त्याने राकियाची बाटली टेबलावर आपटली आणि म्हणाला, "दोघांनीही माफी मागा, मग बसतो." आम्ही मागितली. तो बसला. उठला तेव्हा धड उभं राहता येत नव्हतं.

यासेनने पिल्लं आणून सोडलीत. दोन पांढरी अस्वलं. मावशी म्हणाली, "ही लांडग्याला चाटून मारतील."

२ जुलै

कोर्ट. तिने सगळं कबूल केलं, वयही बघितलं असेल, तुरुंगात पाठवलं नाही. शिक्षा लावून स्थगित ठेवली. बाहेर पायऱ्यांवर तिचा मुलगा गालीन म्हणाला, "आई, आता बस. तू माझ्याकडे प्लोव्हदिवला येतेयस." मी तिच्या बाजूने काहीतरी बोलेन म्हणून तिने माझ्याकडे बघितलं असं वाटलं. पण तो मुलगा आहे. मी कोण?

१५ जुलै

गालीनला मेंढ्या विकायच्या होत्या. मावशी म्हणाली, "प्रोदानकडे राहतील." मला विचारलंही नाही.

"मला धार काढता येत नाही!"

"बस चालवता येत होती का जन्मतः?"

दिवसभर शिकवत होती. पहिल्या मेंढीने, शिंगमोडीने, बादलीत पाय घातला, दुसरीने लाथ मारली. मावशी बाकड्यावर बसून हसत होती, डोळे पुसत होती. "स्टिअरिंग नाहीये ते! हळू! अरे तिला दुखतंय, बायकोला असा हात लावतोस का?" मग एकदम हसायची थांबली. म्हणाली, "वरून खाली. बोटं मिटत न्यायची."

संध्याकाळपर्यंत अर्धी बादली भरली.

१९ जुलै

गेली. गाडीत बसताना पिशव्या मांडीवर, मागे ठेवू देईना. काच खाली करून म्हणाली, "शिंगमोडीला आधी पाणी दे, नाहीतर रुसते." गाडी वळणावर गेली, तिथे मी बसचा हॉर्न द्यायचो.

आता गावात एक माणूस.

१३ ऑगस्ट

आज रविवार. झ्लातिनाचा फोन आला नाही. मीही केला नाही. दुसरी गादी माळ्यावर टाकली.

३० सप्टेंबर

आजकाल मेंढ्यांशी बोलतो. पिल्लांशीही, पण ती मध्येच निघून जातात. परवा कड्यावर बाहेरचं एक गिधाड उतरलं, पट्टी नसलेलं, रानटी. कुठून आलं देव जाणे. आपल्यांना बघून आलं असेल. यासेनला फोन केला तर तो फोनवर आनंदाने ओरडला. फोन ठेवल्यावर खोली फार शांत झाली.

११ ऑक्टोबर

शिंगमोडी काल सांजेला लंगडत मागे राहिली. मी बाकीच्यांना यासेनने दिलेल्या कुंपणात घालून तिला आणायला परतलो, तेवढ्यात. अर्धा तास असेल. कुत्री माझ्याबरोबर कुंपणापाशी. ओढ्याकाठी सापडली, मागचा भाग खाल्लेला, डोळे उघडे.

मी तिथे उभा होतो आणि माझ्या हातात काय नव्हतं याचा विचार केला. पोलिसांनी मावशीचा विषाचा डबा नेला नसता, तो फडताळात असता, तर? मी मावशीला जे जे बोललो होतो ते सगळं आठवलं. मी अशा वेळी शांत डोक्याने वागलो असतो असं मला एप्रिलमध्ये वाटत होतं. आज वाटत नाही. मी दगड उचलून जंगलाकडे फेकत होतो, माझ्या वयाचा माणूस, आणि रडत होतो.

आज सकाळी तिला गाढवावर घातलं आणि वर नेलं. खडकावर ठेवली. लांब जाऊन बसलो.

दुपारी प्लोव्हदिवला फोन लावला. मावशीने उचलला. सातव्या मजल्यावर राहते, फोन कानाला लावते तेव्हा मागे नेहमी टीव्ही मोठ्याने चालू असतो.

"एक गेली," मी म्हणालो.

"कोण?"

"शिंगमोडी."

टीव्हीत कोणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"मग काय केलंस?" तिने विचारलं. फार सावकाश विचारलं.

"वर नेली."

"आली का ती पाखरं?"

"आली. सगळी आठ आली. आणि ते रानटीही."

"मी कधी बघितलंच नाही," ती म्हणाली. "एवढं शेजारी होतं सगळं. मी चीज करत बसले." मग म्हणाली, "कशी उतरतात रे?"

"पहिलं एकटंच येतं, खूप वरून..."

"थांब, थांब. टीव्ही बंद करते."

तिची काठी फरशीवर वाजली. लांब गेली, परत आली. खुर्ची ओढल्याचा आवाज.

"हं," ती म्हणाली. "आता सांग."